जटायूचा पंख

कसाल

प्रिय संचिता,

फोनवर तुझ्याशी बोलताना मी आईच्या गुडघ्यावर आणि काजूच्या मोहरावर येऊन थांबतो. पुढचं बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

परवा आरोंद्याहून लिनो मास्तर आले होते. चौदा वर्षांपूर्वी आपला चांदीचा जटायू विकत घेतला, तेच. खाडीच्या हवेने मूर्ती काळवंडली होती, उजळायला आणली. वीतभर उंचीची ती मूर्ती पुन्हा हातात घेतली. धड आणि मान मी घडवली होती. मग दुकानाच्या पायरीवरून पडून माझं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि रावणाने छाटलेला तो पंख तू केलास. मी सगळी पिसं एकसारखी कोरली असती. तू प्रत्येक पीस वेगळं वाकवलंस, आणि तो पक्षी अजून उठायला बघतोय असं वाटायला लागलं. आई तेव्हाच म्हणाली होती, "चेडवाचो हात तुमच्यापेक्षा बरो आसा." लेकीचा हात बापापेक्षा सरस, हे मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कुडाळच्या प्रदर्शनात मूर्तीला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी सर्वांसमोर विचारलं, हा पंख कसा साधला? मी म्हणालो, हात बसलाय, आपोआप होतं. शाल-श्रीफळ घेतलं. तू दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होतीस. पुढच्या आठवड्यात तू कणकवलीच्या कॉलेजात नाव घातलंस आणि पुन्हा कधी कामाला बसली नाहीस. लोकांना मी सांगत राहिलो, तिला आवडच नव्हती. मी विसरलो असं तुला वाटलं असेल. विसरलो नव्हतो. जितका उशीर होत गेला, तितकं तोंड उघडणं जड होत गेलं.

मास्तरांना लेकीला द्यायला तसाच दुसरा जटायू हवा होता. मी म्हटलं, "माका जमाचा नाय. ह्यो पंख माझ्या चेडवान केल्यान." त्यांनी मूर्ती उचलून पंख जवळून बघितला आणि म्हणाले, "मगे इतकी वर्सां सांगलात कित्याक नाय?" मी मूर्ती उलटी करून तळ त्यांच्यासमोर धरला.

तिथे माझ्या एकट्याचंच नाव होतं. काल ते घासून काढलं. तुझं नाव कोरायला छिन्नी उचलली आणि थांबलो. तेही तुझ्यासाठी मीच करायचं, हे बरोबर नाही. मास्तर थांबायला तयार आहेत. रविवारी ये. नाव कोर, नाहीतर नको कोरूस. मला चार शब्द सुनाव. पण ये.

तुझाच,
बाबा