उलटं भाषण

४ फेब्रुवारी

पुन्हा डाग. सभेला निघायच्या आधी. साडी बदलली, गडद निळी नेसले, आणि बोलले — कामाच्या तासांवर, चांगलं बोलले. माईकच्या मागे उभी असलेली बाई तासाभरापूर्वी बेसिनवर वाकून डाग धूत होती, हे कुणाला कळलं नाही. कळायचं कारणही नाही. पण चीड आली. स्तन गेला, केमो झाली, किरणं झाली, केस गेले आणि परत आले, आता तीन वर्षं हे वेगळंच प्रकरण खालून सुरू.

६ फेब्रुवारी

सोनोग्राफी. गर्भाशयाचं अस्तर पुन्हा जाड झालंय. कारण ती रोजची गोळी, जी कॅन्सर परत येऊ नये म्हणून घेते. म्हणजे वर राखण करायची आणि खाली उकरून ठेवायचं! पुन्हा तुकडा तपासायला पाठवला आहे.

१२ फेब्रुवारी

तुकड्यात कॅन्सर नाही. हुश्श म्हणायला तोंड उघडलं तोवर स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाली, "तरी माझं मत, काढून टाकू या. गर्भाशय आणि बीजकोश, दोन्ही. गोळी अजून बरीच वर्षं घ्यायची आहे, अस्तर पुन्हा वाढणार. बीजकोश गेले की गोळीही बदलता येईल."

"आणि नाही काढलं तर?"

"लक्ष ठेवायचं. रक्त दिसलं की या. पुन्हा तपासू."

"काढणं गरजेचं आहे का?"

"गरजेचं असं नाही, शेवटचं कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण सोयीचं आहे."

सोयीचं! हा शब्द मी ओळखते. शिवणकारखान्यासमोरचा तो दवाखाना हाच शब्द वापरायचा. पाळीच्या दिवसांत रजा नको, कटकट नको, पिशवी काढून टाका, सोयीचं पडेल. तिशीतल्या बायका रांगेने आत जायच्या. आम्ही युनियनच्या बायकांनी तो दवाखाना बंद पाडला. गेटसमोर टेबलावर उभी राहून मी ओरडले होते, "पिशवी आमची, निर्णय आमचा." दरवर्षी त्या दिवशी सभा होते आणि दरवर्षी मीच बोलते. त्याच टेबलावरून.

आणि आता मी?

१३ फेब्रुवारी

नाही काढणार. ठरलं.

१५ फेब्रुवारी

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद चाळले. "हे खरं तर स्त्रीरोगवाल्यांनी ठरवायचं." मी म्हटलं, त्या म्हणतात तुम्ही ठरवायचं. ते हसले. "तसं बघितलं तर निर्णय तुमचाच आहे."

आयुष्यभर मी हेच मागत आले की बाईला ठरवू द्या. आता दोन्ही डॉक्टर हात झटकून ते माझ्या पदरात टाकतात आणि वर हसतात. याला अधिकार म्हणतात का? ही तर मला एकटीला पुढे करून बाकीच्यांनी मागच्या दाराने निघून जायची पद्धत झाली.

वाचून काढलं. मिळेल ते सगळं. एक अहवाल म्हणतो धोका फार थोडा. दुसरा म्हणतो थोडा असला तरी वाढलेला. तिसरा म्हणतो बीजकोश काढले की हाडं ठिसूळ, अंगाची लाही, झोप नाही. वाचनाने माणूस शहाणा होतो असं मीच पोरींना सांगत फिरते. या बाबतीत तरी झालेला नाही.

१८ फेब्रुवारी

ताई आली होती. चप्पल काढायच्या आधीच सुरू. "काढून टाक गं. माझी काढली, काय बिघडलं? आता या वयात तिचा उपयोग तरी काय?"

तिच्या मनात काही नव्हतं. चहात साखर टाकावी तसं बोलून गेली. पण नवरा आत चष्म्याच्या काचा पुसत होता, त्याचा हात थांबलेला मी पाहिला. उपयोग. आम्हाला मूल झालं नाही. उपयोग तर कधीच झाला नाही, ताई, मग आधीच काढायला हवी होती का?

हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. भर सभेत मालकाला गप्प करणारी मी, बहिणीपुढे बिस्किटांची बशी सरकवत बसले.

ती गेल्यावर नवऱ्याला विचारलं, "तुझं काय मत?"

"तू म्हणशील तसं."

लग्न झाल्यापासून हेच. घर कुठे घ्यायचं, तू म्हणशील तसं. संपात उतरू का, तू म्हणशील तसं. मैत्रिणी हेवा करायच्या. आज वाटलं त्याचं चष्म्याचं दुकान त्याच्याच डोक्यावर उपडं करावं. नंबर तपासताना तरी गिऱ्हाइकाला म्हणत असेल का, तुम्ही म्हणाल तसं?

१९ फेब्रुवारी

अबोला. त्याचा नाही, माझा. त्याला बहुधा अजून कळलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

डाग नाही. आठवडाभर नाही. तरी आज सकाळी संडासात आधी रंगच पाहिला.

२६ फेब्रुवारी

युनियनच्या ऑफिसात फक्त कातरवाली होती. कारखान्यात कापडाचे थरच्या थर एका वेळी कापते, म्हणून हे नाव. बोलणंही तसंच. पत्रकं घडी करत होतो. मी सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "काढणार नाही. ठरलंय माझं."

"ठराव मांडलात?"

"मांडला समज."

"मग नियम."

नियम माझाच. आमच्या युनियनमध्ये जो ठराव मांडेल त्याने आधी त्याच्या विरुद्ध भाषण करायचं. मनापासून, उभं राहून. उलटं भाषण. ते जमलं नाही तर ठराव मतदानाला जात नाही. तापलेल्या डोक्याने संपावर जाऊ नये म्हणून मी हा नियम आणला. कित्येक पुढाऱ्यांना त्याने घाम फोडलाय.

"इथे कोण आहे ऐकायला?" मी म्हटलं.

"मी आहे की. का मी धरायची नाही?"

उभी राहिले. हसू येत होतं. सुरुवात ठसक्यात केली. "अध्यक्षबाई, वैद्यकीय दृष्ट्या पाहता..." टक्केवारी सांगितली, दोन गोळ्यांतला फरक सांगितला. कातरवाली पत्रकं दुमडत राहिली. म्हणाली, "हे तर डॉक्टरीण बोलतेय. तुम्ही कधी बोलणार?"

राग आला. आणि त्या रागातच तोंडून निघालं — मी तीन वर्षं रोज सकाळी आधी रंग बघते. पांढरं काही अंगावर घातलेलं नाही. पोटात जरा दुखलं की हातातलं पुस्तक खाली जातं. प्रत्येक वेळी तपासणीचं तेच टेबल, तोच दिवा, पाय वर, आणि मग आठवडाभर फोनकडे बघत बसायचं. "लक्ष ठेवायचं" म्हणे! लक्ष कोण ठेवतं? मी ठेवते. माझं सगळं लक्ष तिथेच गेलंय. मला ते परत हवंय.

बोलून झालं तेव्हा मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. सभेत कधी धरत नाही.

कातरवालीने टाळी वाजवली नाही. पाण्याचा पेला पुढे केला. "आता सुलटं करा."

सुलटं म्हणजे माझ्या बाजूचं. माझं हुकमी. तोंड उघडलं आणि सापडेना. व्यवस्था, दवाखाने, बाईच्या शरीरावरची मालकी, सगळं खरं, शब्दन् शब्द खरं, पण त्यातलं माझ्या पोटाबद्दल काहीच नव्हतं. शेवटी एकच उरलं, तेच बोलले. "बायका काय म्हणतील? जिने टेबलावर उभं राहून आम्हाला थांबवलं, तीच जाऊन काढून आली."

"बायकांना स्वतःच्या भानगडी कमी आहेत का बाई?" ती म्हणाली. मग पुढचं पत्रक उचलत, "म्हणतील. दोघीचौघी म्हणतीलच. मीही म्हणेन कदाचित. म्हणून काय?"

२७ फेब्रुवारी

दिवसभर चिडचिड. ठराव पडला. माझाच. माझ्याच नियमाने.

१ मार्च

जेवताना नवऱ्याला म्हटलं, काढून घेते.

त्याने घास ताटात ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून तेच वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस!"

"तुझ्यापुढे? तू मला मुद्द्यांनी हरवलं असतंस. आणि मग काढली नसतीस. माझ्यामुळे."

किती राग यावा. आला नाही. कारण बरोबर बोलला. हरवलंच असतं.

"आणि ताई बोलली तेव्हा?"

"त्याचं काही नाही," तो म्हणाला. मग घास बोटांनी ताटात फिरवत, "त्याचं होतं थोडं."

ताट तसंच ठेवून बसलो दोघं. मूल न झाल्याबद्दल पहिल्यांदाच बोललो असं नाही. पण फार वर्षांनी.

९ मार्च

उद्या. पिशवी भरताना लक्षात आलं की दवाखान्यात न्यायचं सामान जिच्यात भरतात तिलाही पिशवीच म्हणतात, आणि वेड्यासारखी हसले. ताई म्हणाली, "भीतीने होतं तसं." तिला म्हटलं, "त्या दिवशी तू उपयोग म्हणालीस ते मला लागलं." तिने माझा गाऊन उलगडून पुन्हा त्याची घडी घातली. तीनदा घातली.

११ मार्च

झालं. दुखतंय. चिडायलाही जोर लागतो, तो नाही.

१४ मार्च

घरी. घाम सुरू. रात्री नाही, भर दुपारी, पंख्याखाली. डॉक्टरीण म्हणाली होतीच. नवरा ओला टॉवेल घेऊन विचारतो, "कपाळावर ठेवू की मानेवर?" मी म्हटलं, "तू म्हणशील तसं." त्याला अजून कळलेलं नाही मी चेष्टा केली की काय.

सकाळी संडासातून आले आणि चहा घेतला. अर्धा संपल्यावर आठवलं. आज रंग बघितलाच नाही.

२० मार्च

रिपोर्ट आला. गर्भाशय निरोगी. बीजकोश निरोगी. काहीही नव्हतं.

कातरवालीला फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "म्हणजे चांगली काढली?"

"चांगली काढली."

"आणि पुढच्या महिन्यात सभा आहे बाई. टेबलावरून कोण बोलणार?"

"मीच," मी म्हटलं. "पण या वेळी आधी उलटं."