कपाळाला हात

घरच्या मालकिणीस, वसतिगृहाच्या म्हाताऱ्या वॉचमनचा लांबूनच नमस्कार.

मी ठीक आहे. डबा वेळेवर येतो. तुझा गुडघा काय म्हणतोय? धाकटी बाहेर हिंडत नाही ना?

परवा कॉलेजचा आरोग्य मेळावा झाला, साथीमुळे सगळा मोबाईलवर. रिकाम्या सभागृहात टाळ्या वाजवायला मला एकट्याला बसवलं. साहेब ओरडत होते, "जोरात वाजवा काका, गर्दी वाटली पाहिजे!"

वर वसतिगृहात आलो तर तापाने फणफणलेलं एक पोरगं हजेरी लागावी म्हणून मेळावा बघत बसलेलं. दाराआडून म्हणालं, "काका, आई कपाळाला हात लावून बघते. तुम्ही बघता?" आजारी पोरांच्या खोलीत जायला आम्हाला बंदी. रेक्टरना फोन केला, तर म्हणाले, "डॉक्टरांचं भाषण चालू आहे ना? ऐकू दे त्याला."

माझं डोकंच फिरलं. गेलो आत. कपाळ नुसतं तव्यासारखं! ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओल्या पट्ट्या ठेवत बसलो. नियम मोडला म्हणून आता मलाच खोलीत कोंडलंय.

काल त्याच्या आईचा फोन आला. कॉलेजने तिला मेळाव्याचे फोटो तेवढे पाठवले होते. रडत विचारत होती, "फार तापला होता का हो?" मी म्हटलं, "नाही ताई, थोडासाच."

मलाही थोडीशीच कणकण आहे. काळजी करू नकोस.

तुझाच,
घरचा कारभारी