पिवळ्या तापाची सुई

कौसल्येच्या बापास,

शाळेतून आल्यावर आमाला हुडकत फिरू नका. मी लेकरू घेऊन माझ्या भावासंगं, वैजीनाथदादासंगं, मनमाडच्या गाडीनं मुंबईला निघालेय. भाकरी झाकून ठेवलीय.

तिकडं आफ्रिकेत, हबसाणातल्या शाळेत मास्तरकी मिळाल्यापून तुमी रोज एकच घोकायलात, "डोंगराचा मुलूख हाय, हवा विरळ, दम लागतो. तिथं बायकापोरांना येऊ देत न्हाईत." मी खरं धरलं. तुमच्यासाठी लोकरीची बंडी शिवली, हिवतापावरच्या कुनैनच्या गोळ्या बांधल्या, पाणी उकळूनच प्या म्हणून शपथ घातली. गेल्या हप्त्यात तुमची ट्रंक भरताना त्या नोकरीचा इंग्रजी कागद सापडला. दादानं वाचून दाखवला. बायको-लेकरू आणायची मुभा हाय, फक्त त्यांनाबी सुया टोचलेल्या पाहिजेत. खाली तुमच्या हातानं लिहिलंय, "माझ्यासोबत कोणी नाही."

सात वर्सं तुमच्या घरात राबले, ती मी कोणी न्हाई?

देवीची लस आमी दोघींनी सोमवारीच इथल्या दवाखान्यात टोचून घेतली. पोरगी तापली, पण रडली न्हाई. पिवळ्या तापाची सुई मुंबईलाच मिळती, आन टोचल्यावर धा दिवसांनी लागू होती. बोटीला अजून पंधरा दिवस हायत.

तुमच्या आईला सांगा न्हाई तर गावाला, मला फरक पडत न्हाई. तुमचं सुई टोचल्याचं कार्ड मी संगं नेलंय. त्याच्याबिगर तुमाला बोटीवर कोणी चढू देणार न्हाई. कार्ड पाहिजे असलं तर पासपोर्टात आमची दोघींची नावं चढवून मुंबईला या.

दैवशाला