रस्त्याकडच्या खोलीबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच दिला. त्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि विचारले, सातच का, आठ का नाही? त्या म्हणाल्या, "बाई, पुरे. दाखला लिहिते." माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आजवर जे काही दडपण आणले ते मीच. पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या यादीत घातले आहेत. अंमलबजावणीही त्याच करतील. इथे मी माणसांना ज्या नावाने हाक मारते तेच लिहिणार.

१. आधी खोलीचे, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकला आहे. घराचा मागचा भाग भावाचा, पुढची रस्त्याकडची खोली माझी. भावाचा मुलगा ढब्बू (आता बेचाळीस वर्षांचा, क्लासचा मालक, तरी ढब्बूच) ती मागतो आहे. "आत्या, तुझ्याकडे शनिवारी सात पोरं येतात. माझ्याकडे दोनशे आहेत, अर्धी जिन्यात उभी असतात. तूच सांग, खोली कोणाला हवी?" बोलणे खोटे नाही. माझ्याकडे आठवी ते अकरावीची मुले येतात, बंद पडलेल्या वस्तू उघडतात आणि प्रश्नवहीत प्रश्न लिहितात. तीन गोष्टी स्वतः करून पाहिल्याशिवाय उत्तर विचारायचे नाही, एवढा एकच नियम. खोली ढब्बूला दिली तर तिथे बाके येतील, फळा येईल आणि आमचा शनिवार बंद होईल. न द्यावी, तर ज्याने मला तीनदा उचलून दवाखान्यात नेले त्याच्याच तोंडावर दार लावल्यासारखे होईल. महिनाभर झोप उडाली आहे. निकाल शेवटी लिहीन. आधी बाकीचे उरकते.

२. बँकेतील ठेव भाऊ आणि वहिनी यांना निम्मी-निम्मी द्यावी. शिवाय वहिनीला नवा मिक्सर घ्यावा. जुना आमच्या मुलांनी उघडला, परत जोडला, आणि दोन स्क्रू उरले. तरी तो चालतो. का चालतो हे अजून कोणाला उमगलेले नाही, म्हणून जुना खोलीतच राहू द्यावा. वहिनी अठ्ठावीस वर्षे त्या खोलीला भंगारखाना म्हणते आणि अठ्ठावीस वर्षे दर शनिवारी त्या भंगारखान्यात चहा पाठवते. मी एकदाही आभार मानले नाहीत. इथे मानते. वहिनी, तुझ्या जिभेला हाड नाही, पण हात फार मोठा आहे.

३. शाळेच्या जुन्या हेडसरांना माझे पितळी कुलूप द्यावे. शाळेत नवा मायक्रोस्कोप आला तेव्हा "मुलं फोडतील" म्हणून त्यांनी तो सात वर्षे कपाटात कोंडला. पाहुणे आले की बाहेर, पाहुणे गेले की आत. शेवटी भिंगावर बुरशी चढली आणि तो भंगारात निघाला. मी लिलावात घेतला. भिंग साफ केले, आणि आमच्या मुलांनी त्याच्याखाली पहिल्यांदा काय पाहिले, तर तीच बुरशी! कुलपासोबत किल्ली देऊ नये.

४. मायक्रोस्कोप, तराजू, हत्यारपेटी, उघडलेली व न उघडलेली घड्याळे हे सर्व शनिवारच्या मुलांचे सामाईक. काही फुटल्यास भरपाई मागू नये. कसे फुटले ते मात्र नीट लिहून घ्यावे, त्यातच मजा असते. चष्मेवाल्याने आम्हाला फुकट भिंगे दिली, त्याला काहीतरी द्यायचे होते. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला त्यातून काही दिले तर भानगड होते असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून आरामखुर्ची कालच त्याच्या दुकानात पोचवली.

५. माझी खरी इस्टेट म्हणजे लाल वही. ज्यांनी आमच्या मुलांना एकेक दिवस आपल्या कामावर बसू दिले अशा तेवीस माणसांचे पत्ते तिच्यात आहेत. घड्याळवाला: तिरसट, पहिला तास गप्प बसावे, मग तोच बोलायचा थांबत नाही. गुरांची डॉक्टर: जुने बूट घालून जावे. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातले साहेब: आपल्या नळाचे पाणी बाटलीत न्यावे, हरखून जातात. ही वही दोन वेण्यांच्या मुलीला द्यावी. ती दहावीत आहे. खोली जाणार हे कानावर आल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटले रडेल. ती म्हणाली, "आजी, खोली गेली तर आम्ही कोणाच्या तरी गच्चीवर बसू. पण कोणाकडे जाऊन काय विचारायचं, ते लिहून ठेवलंय ना तुम्ही?" पंधरा वर्षांच्या पोरीला जे सुचले ते मला महिनाभर सुचले नव्हते.

६. आता ढब्बू.

तो नववीत होता. प्रयोगशाळेत सगळा वर्ग जमला होता, मी पाणी तापवून भांड्यात ओतत होते. ढब्बूने विचारले, "आत्या, गरम पाणी ओतताना आवाज वेगळा येतो आणि गार ओतताना वेगळा. असं का?" मला माहीत नव्हते. तसे म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "परीक्षेत येणार आहे का ते? आणि इथे आत्या नाही, बाई म्हणायचं. जर्नल पूर्ण कर." वर्ग खो खो हसला. ढब्बूने खाली मान घालून जर्नल पूर्ण केले. त्या वर्षी तो पहिला आला, पुढेही येत राहिला, आणि आज दोनशे मुलांना परीक्षेत काय येणार तेवढे शिकवतो. लोक त्याला नावे ठेवतात तेव्हा मी गप्प बसते. हे बी मीच पेरले आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी ही खोली उघडली. त्याच्यासाठी उघडली. गल्लीतली सगळी पोरे आली, तो एकटा आला नाही. त्याचा प्रश्न मात्र प्रश्नवहीच्या पहिल्या पानावर आहे. मुलांनी डोळे बांधून ऐकले. वीस जणांपैकी सतरा जणांनी नुसत्या आवाजावरून गरम पाणी ओळखले. भांडी बदलली, उंची बदलली. फरक पाण्यातल्या बुडबुड्यांमुळे पडत असावा, इथवर येऊन आमची गाडी अडली आहे. हे मी त्याला कधी सांगितले नाही. माफी मागायची राहिली, ती इथे मागते. ढब्बू, चुकले माझे.

७. खोलीचा निकाल. वकीलबाईंनी अटी सुचवल्या होत्या: शनिवार मुलांना मोकळा ठेवला तरच खोली ढब्बूची, नाहीतर विकून पैसे दान. तीन अटी मी लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या. त्याला सक्तीने जर्नल पूर्ण करायला मी एकदा लावले आहे, तेवढे पुरे.

म्हणून रस्त्याकडची खोली, तिचे दार, खिडक्या आणि छपरासह, मी ढब्बूला बिनशर्त देते. बाके टाकायची तर त्याने खुशाल टाकावीत. कोणी तंटा करू नये, दोन वेण्यांच्या मुलीनेही नाही. फक्त एक माहिती देऊन ठेवते. मी गेल्यावर पहिल्या शनिवारी दोन वाजता मुले नेहमीसारखी येतील आणि दार वाजवतील. तेव्हा, ढब्बू, तू काय करशील, याचे मी बरेच अंदाज बांधून पाहिले. एकाचीही खात्री देता येत नाही. आयुष्यात दुसरे काहीही इतके जाणून घ्यावेसे वाटले नव्हते, आणि नेमके तेच बघायला मी नसणार. फार चुटपुट लागली आहे रे.

वरचा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत सही केली. खाडाखोड आहे ती माझीच.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: समोरचा चष्मेवाला (सही)

स्थळ: रस्त्याकडची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: चौदा, वार्षिक परीक्षेनंतरचा दुसरा शनिवार, दुपारी पाऊण वाजता