शिवणीवरचा भोवरा

मंगळवार, ३ मार्च

परत एकटाच उरला! मेला जातच नाही.

नियम साधा आहे. सुपरफ्लुइड म्हणजे अतिथंड द्रव, घर्षण जवळजवळ नाहीच. त्यात भोवरे उठतात, सुलटे नि उलटे, माझ्या गणितात कायम सारख्याच संख्येनं. सुलट्याला उलटा भेटला की दोघंही गायब. शेवटी उरायचं काय? शून्य! आणि इथे एक सुलटा आरामात फिरतोय, जोडीदाराचा पत्ता नाही.

सर खूश. "हे नवीन आहे, जाहीर करू!" मलाही आनंद व्हायला हवा. पण मी पुन्हा सगळं तपासत बसलेय.

बुधवार, ४ मार्च

आईचा फोन. "तू द्रवाचा अभ्यास करतेस ना? मग मध्येच कृष्णविवर कुठून आलं?"

पुन्हा सांगितलं — द्रवाचं गणित थेट सुटत नाही. म्हणून द्रवाखाली एक जादा दिशा मानायची, तळाशी कृष्णविवर ठेवायचं, आणि गुरुत्वाकर्षणाचं गणित सोडवायचं. भोवरे विझताना जाणारी ऊर्जा त्या विवरात पडते. द्रवाचं उत्तर त्यातूनच मिळतं.

"म्हणजे द्राविडी प्राणायाम!"

हो गं बाई, तोच. त्यावरच पोट आहे माझं.

शुक्रवार, ६ मार्च

खालच्या मजल्यावर फ्रीजवाली. तिच्याकडे खराखुरा द्रव आहे, भल्यामोठ्या फ्रीजमध्ये अतिथंड केलेला. त्याचे फोटो काढून ती भोवरे किती वेगानं कमी होतात ते मोजते. मी तोच वेग गणितातून काढते. ठरलंय असं की तेरा तारखेपर्यंत कुणी कुणाला आकडा सांगायचा नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही उघडायचे. नाही जुळले तर विषय बंद, आणि माझी इथली जागाही.

रोज एकत्र जेवतो आम्ही. आकडा सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलतो. काय नाटक!

सोमवार, ९ मार्च

सापडलं. शी!

माझ्या गणितातलं द्रवाचं मैदान चौकोनी, पण त्याची उजवी कड डावीला जोडलेली, कापड शिवून नळी करावी तशी. भोवरे शिवणीवरून बिनधास्त पलीकडे जातात. आणि मोजणारा प्रोग्रॅम लिहिताना मी शिवणीवरची पट्टीच विसरले! सुलटा-उलटा कधीकधी अंतर राखून शेजारी-शेजारी सरळ चालतात. एक मला दिसत होता. दुसरा शिवणीवरून चालला होता. सगळा वेळ बरोबरच!

शोध गेला खड्ड्यात. पण खरं सांगू? बिचारा एकटा नव्हता, याचंच बरं वाटलं.

सर म्हणाले — "ठीक. पुन्हा मोज. आणि हे सांगत फिरू नकोस, हसं होईल."

मंगळवार, १० मार्च

सांगितलं! माझ्या पोटात काही राहील तर शपथ. आकडा नाही, फक्त चूक. फ्रीजवाली खो-खो हसली. मग एकदम थांबली, घास हातातच.

"कडेचे मोजायचे सुटले की वेग जास्त येतो का गं?"

"माझा आला होता. शिवणीवर गेलेला मेलाच असं धरलं गेलं ना."

डबा अर्धा टाकून पळाली. मी बघतच राहिले.

गुरुवार, १२ मार्च

नवा आकडा सरांना दिला. आता बदल नाही. फ्रीजवाली कालही जेवायला नाही, आजही नाही. जिन्यात दिसली तर मान खाली घालून सटकली. माझं काय चुकलं? उगाच तोंड उघडलं का मी?

उद्या. का कोण जाणे, चांगलंच होईल असं वाटतंय.

शुक्रवार, १३ मार्च

आकडे जुळले!! सर खुर्चीतून उठलेच. जागा राहिली माझी!

फ्रीजवाली कानात म्हणाली, "अगं, आम्ही फोटोंच्या कडा कापून मोजत होतो. कडेला गेलेला भोवरा आमच्याकडेही मेलेलाच. तीन दिवस सगळे फोटो पुन्हा मोजतेय. मंगळवारी तू बोलली नसतीस तर —" मिठीच मारली.

तिचा डबा अजून माझ्याकडेच आहे.