मापाचा हात

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! आणि वाटलं होतं त्याहून सगळं कितीतरी चांगलं निघालं. खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरचं कापडाचं दुकान दिसतं, पलंगावर धुतलेली चादर आहे आणि टेबलाचा खण न अडकता उघडतो. कारखाना खालीच आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्याच, पण गावातल्या सगळ्या दवाखान्यांची बीपीची मशीनं दुरुस्तीला इथेच येतात. काय काम करायचं ते परवा समजावून सांगणार आहेत.

मी बॅग घेऊन गाणं गुणगुणत धावतच जिना चढले. जिन्याच्या वळणावर कुणीतरी खुर्ची ठेवली आहे, तिला अडखळले. वर पोचते न पोचते तोच शेजारच्या बंद खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. मालकांची बहीण माझ्यामागून सावकाश येत होती. त्यांना सगळे आत्या म्हणतात. त्या म्हणाल्या, गादीची वळकटी असेल, कधीची भिंतीला टेकवून ठेवली आहे. त्यांना मागे टाकून मी वर पळाले, हे काही बरं दिसलं नाही. उद्या माफी मागेन.

गाव फार सभ्य आहे. प्रत्येक दुकानासमोर बाक नाहीतर स्टूल. माणसं हळू बोलतात, हळू उठतात. उठताना टेबलाला हात लावून क्षणभर थांबतात, जणू दुसऱ्याला आधी जाऊ देत आहेत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मग तू तिथे शोभशील, तू तर माशीलाही वाट देतेस.

जेवण अगदी अळणी होतं. आत्या म्हणाल्या, मीठ या घरात येतच नाही, डॉक्टरांनी गावातल्या बहुतेकांचं बंद केलं आहे. होईल सवय.

५ फेब्रुवारी

आत्यांची माफी मागितली. त्यांना काही आठवतच नव्हतं.

आज काम कळलं. मशीन उघडणं, साफ करणं, पुन्हा बसवणं हे सगळं मिस्त्रीमामा करतात. दुरुस्त झालेलं मशीन बरोबर दाखवतं की नाही हे पाहायला पूर्वी पाऱ्याचं एक मोठं यंत्र होतं. ते पडून फुटलं, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हात वापरतात. म्हणजे एखादी तरुण, निरोगी मुलगी ठेवायची, जिचं बीपी कायम एकशे वीस असतं. प्रत्येक मशीनचा पट्टा तिच्या दंडाला बांधायचा. काट्याने एकशे वीस दाखवलं की मशीन पास. नाही दाखवलं तर मामा पेच फिरवून काटा तिथे आणतात. या नोकरीला इथे ‘मापाचा हात’ म्हणतात. मामा म्हणाले, पारा फुटतो, पोरी फुटत नाहीत. आणि स्वतःच खूप हसले.

मी विचारलं, हातच चुकला तर? ते म्हणाले, हात कसा चुकेल, हात काय मशीन आहे?

आधीची मुलगी अशक्तपणामुळे घरी गेली. कशी होती म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, गुणी होती, गप्प बसायची.

मग माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि काटा एकशे छप्पन्नवर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक मात्र समजुतीने म्हणाले की बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचं असंच असतं. प्रवास, काळजी, मीठ. पण खाली येत नाही तोवर माझा हात कामाचा नाही. महिनाभरात नाही आलं तर परत जावं लागेल. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या मशीनवर पाहिलं, तिथेही तेच. गोळी दिली, रोज सकाळी एक.

मला तर एकदम ठणठणीत वाटतं आहे. पण वाटण्यावर जायचं नाही. मी पाचवीपर्यंत घरीच शिकले. आईने अक्षरं शिकवली, बाबांनी मापं. बाबा गवंडी. भिंत सरळ वाटते असं म्हटलं की ते ओळंबा हातात द्यायचे आणि विचारायचे, वाटते की आहे?

मशीन म्हणतं आहे म्हणजे आहे.

११ फेब्रुवारी

एकशे वीस! मामांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी पेपरमिंट दिलं. नोकरी पक्की. आईला कळवलं.

संध्याकाळी जिना चढताना वळणावरच्या खुर्चीत बसले. अशीच. ती तिथे का ठेवली आहे हे बसल्यावर कळलं. धाप लागली होती आणि छाती अशी धडधडत होती, जणू कुणीतरी आतून दार ठोठावत होतं.

१४ फेब्रुवारी

दिवसभर पट्टा आवळायचा, सोडायचा. काम सोपं आहे, तरी सकाळपासून धडधड थांबत नाही. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, टेबलाला हात लावून थांबावं लागतं. मग सगळं परत दिसू लागतं.

आज एका मशीनने माझ्या दंडावर एकशे बारा दाखवलं. मामांनी काटा वर आणला. पुढच्यानेही तेच दाखवलं, त्याच्या पुढच्यानेही. मामा चिडून म्हणाले, हल्ली स्प्रिंगाच भिकार येतात. सगळ्यांचे काटे वर आणले.

दुपारी वरच्या ओठावरचा घाम चाटला. खारट लागला. पुन्हा चाटला. कुणी पाहिलं नसावं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले. प्रतीक्षेच्या खोलीत सगळे जण दोन बोटं मनगटावर किंवा गळ्याशी धरून बसले होते. पहिल्या दिवशी रस्त्यात अशीच बोटं पाहून मला वाटलं होतं की इथली माणसं विचारी आहेत.

नाडी मिनिटाला एकशे चोवीस भरली. मग त्यांनी बीपी पाहिलं. एकशे वीस, अगदी नेमकं. मशीन आमच्याकडूनच सकाळी परत आलं होतं. तपासण्याही झाल्या, त्यांत काही नाही. डॉक्टर खरंच प्रेमळ आहेत. त्यांनी विचारलं, घरी शिकलीस म्हणजे मैत्रिणी फारशा नसतील? मग म्हणाले, बीपी इतकं सुरेख असताना नुसतीच धडधड, म्हणजे स्वभाव घाबरा. ठोके कमी करायला दुसरी गोळी दिली.

उगाच त्यांचा वेळ घेतला. रात्री आईला सांगितलं तर तीही म्हणाली, तू लहानपणापासूनच जिवाला घोर लावून घेतेस, डॉक्टर सांगतील तसं वाग.

२० फेब्रुवारी

समोरच्या दुकानातले कापडवाले स्टुलावरून उठले आणि जागच्या जागी कोसळले, ठाणावरून कापड घरंगळावं तसे. मी खिडकीतून ओरडले. रस्त्यावर माणसं होती. कुणी धावलं नाही. सगळे त्यांच्याकडे निघाले, पण सावकाश, बाकाबाकाला धरत.

आत्या म्हणाल्या, डॉक्टर फार काळजीत आहेत. या महिन्यात गावात ज्याचं पाहावं त्याचं बीपी वाढलेलं. सगळ्यांच्या गोळ्या दुप्पट केल्या म्हणे.

हे वाक्य डोक्यातून जात नाही. ज्याचं पाहावं त्याचं. मग माझं का नाही?

२१ फेब्रुवारी

माझं वाढणारच नाही. माझं काहीही होवो, मशीन माझ्यावर एकशे वीसच दाखवणार. मामा ते तसंच करून देतात.

मी घसरले की मामा काटे वर आणतात. काटे वर आले की गाव वाढलेलं दिसतं. मग गावाला गोळ्या. आणि मी आले तेव्हाचे एकशे छप्पन्न? ती मशीनं आधीच्या मुलीच्या हातावर लावलेली होती. मी ठणठणीत होते. मी खरंच ठणठणीत होते.

पण हे मला फक्त वाटतं आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

२३ फेब्रुवारी

बाबांनी लेव्हल काढायची नळी हातात देऊन शिकवलं होतं की पाण्याला समजावता येत नाही. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड असतो, हेही त्यांनीच शिकवलं. एकशे वीस मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचे एकशे बासष्ट सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ माझीच उंची.

हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली. घट्ट झाकणाच्या बरणीत पाणी भरलं. झाकणाला दोन भोकं पाडून मेणाने बंद केली, एकातून कारखान्यातल्या एका पट्ट्याची नळी, दुसऱ्यातून लांब नळी, खालचं टोक पाण्यात, बाकीची भिंतीवर सरळ वर. बरणी जमिनीवर. स्टेथोस्कोप कानात. फुगा दाबत गेले तसं पाणी माझ्या डोक्यापर्यंत चढलं. मग हवा हळूहळू सोडली. पहिला ठोका ऐकू येईल तिथे माझं बीपी.

पाणी कपाळापाशी आलं. काही नाही. हनुवटी, काही नाही. छाती, काही नाही. कमरेपाशी पहिला ठोका पडला आणि मागोमाग बाकीचे धावत सुटले.

सत्तर.

पुन्हा केलं. सत्तर.

२४ फेब्रुवारी

मालकांना आणि मामांना वर बोलावलं. दोघेही जिन्यातल्या खुर्चीत बसत, थांबत आले. सगळं नीट समजावून सांगितलं. मालक हसून म्हणाले, बघू की, आणि स्वतःच बाही वर केली. त्यांचा पहिला ठोका माझ्या मांडीपाशी पडला.

दोघांनी वाकून पाण्याची पातळी पाहिली. मला वाटलं, समजलं. माझ्या जिवात जीव आला.

मग मालक शांतपणे म्हणाले, बाळ, तुझं बीपी गावभरची मशीनं एकशे वीस म्हणतात, डॉक्टर एकशे वीस म्हणतात, आणि एक नळी वेगळं म्हणते. सरळ कुणाला करायचं?

मामांनी खिशातून पेन काढलं. नळीवर, माझ्या कमरेपाशी, रेघ ओढली आणि लिहिलं: १२०.

२५ फेब्रुवारी

गोळ्या घेतल्या नाहीत. उशीच्या अभ्र्यात टाकल्या.

बसथांब्याकडे निघाले. कापडाच्या दुकानापर्यंत पोचले. त्यांच्या स्टुलावर बसले, मग उठताच येईना. लोकांनी किती मायेने परत आणलं. माझ्यामुळे त्यांना त्रास. एक बाई माझा हात धरून चालत होती, तिची नाडी माझ्या तळव्याला लागत होती. पाखरासारखी.

आईला फोनवर सांगितलं. आधी रडली. मग म्हणाली, डॉक्टरांनी कळवलंय, तू असं काहीतरी बोलशील म्हणून.

२६ फेब्रुवारी

माझ्यावर काटा एकशे तीसला गेला. गोळ्या घेतल्या नाहीत म्हणूनच. मामा घाबरले, कालची सगळी मशीनं चुकली म्हणाले. आत्यांनी अभ्रा काढला. रागावल्या नाहीत. आता गोळी गिळेपर्यंत शेजारी बसतात, तोंड उघडून दाखवायला सांगतात. माझे केस विंचरून दिले.

शेजारच्या खोलीत हलवलं आहे. इथे पलंग मोठा. वळकटी वगैरे काही नाही. जमिनीवर पलंगाजवळ एक फरशी तडकलेली आहे —

२७ फेब्रुवारी

पडूनच आहे. मान उचलली तरी अंधारी.

मालक येऊन गेले. म्हणाले, तू दमलीस, घरी जा थोडे दिवस, नवी मुलगी उद्या येते आहे. जाण्याआधी फक्त शेवटची मशीनं माझ्या हातावर लावून घ्यायची, म्हणजे तिला — तिच्यावर तीच —

काय दाखवतील ते मला माहीत आहे. तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. ती पण गोळी घेईल.

तिला गोळी घेऊ द्यायची नाही. एवढं एकच करायचं आहे. बाकी काही जमलं नाही तरी —

२८ फेब्रुवारी

लिहून ठेवलं असतं तिच्यासाठी, पण आत्या आधी वाचतील. तोंडीच सांगायला हवं. पहिल्याच —

खाली दार वाजलं. आत्यांचा आवाज. आणि दुसरा, मोठा, हसरा. या गावात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नाही.

हाक मारली. श्वास पुरत नाही. माझी मलाच ऐकू आली नाही.

जिन्यावर पावलं. धावत. धावत येते आहे ती, गुणगुणत — खुर्चीला अडखळली —

मी आले त्या दिवशी या खोलीत काहीतरी पडलं होतं. वळकटी नव्हती. ती आधीची मुलगी होती. ती पण मला सांगायलाच उठली होती.

दारापर्यंतच जायचं आहे. चार पावलं. हळू उठायचं, पलंगाला धरून, थांबून. पण ती पुढे निघून जाईल, हळू उठायला वेळ —

उठते. उभी राहि