काळ्या दाण्यांचा पाव

गिगोन,

तुझ्यावर आणि आपल्या लेकीवर, पोन्सेटवर, संत अँथनीची छाया राहो. पाद्रीबाबा हे वाचून दाखवतील तेव्हा मध्येच बोलू नकोस, शेवटपर्यंत ऐक.

या आगीच्या रोगाने इथे कित्येकांचे पाय गळून पडले, पण माझे दोन्ही पाय शाबूत आहेत. इथे मठात गव्हाचा पाव मिळतो. महिन्याभरात पायांतली आग विझली होती. मग तू मायेने पाठवलेला घरच्या राय धान्याचा पाव आला. तो तीन दिवस खाल्ला आणि आग पुन्हा पेटली.

रुग्णांची देखभाल करणाऱ्या मठवासी बंधू एमेरिकना मी म्हणालो, "दोष पावातच आहे." ते हसले. "ओदेमार, बायकोच्या हातचं बाधलं म्हणणारा तू काही पहिला नाहीस! गुडघे टेक, प्रार्थना कर." प्रार्थना मी रोजच करतो. उरलेला पाव चुलीत टाकला, तर अन्नाचा अपमान केला म्हणून मलाच प्रायश्चित्त! कोणी ऐकूनच घेत नाही.

यंदाच्या राय धान्यात कोंबड्याच्या नखीसारखे काळे दाणे होते, आठवते? ते पीठ वापरू नकोस. सलगम उकडून खा. पोन्सेटच्या बोटांना मुंग्या येतात का? माझी आग तशीच सुरू झाली होती. खरे कळव.

शेजारणी हसतील, हसू देत. मी चालत घरी येईन, तेव्हा तुम्ही दोघीही दारात आपल्या पायांवर उभ्या दिसायला हव्यात.

घराच्या वाटेकडे डोळे लावलेला,
ओदेमार